वजन उतरलं, आता टिकवायचं कसं? रोजच्या कॅलरी, प्रोटीन आणि सोलापुरी ताट

अबोली
नमस्कार मंडळी. वय ४१, उंची १५८ सेंमी, बँकेत बैठं काम, राहायला जुळे सोलापूर. वजन ६९ होतं, ते हळूहळू ६० वर आणलं. आता अजून कमी करायचं नाही, आहे तिथंच ठेवायचंय. आणि इथंच सगळे गप्प होतात. वजन कमी करायला सांगणारे गल्लोगल्ली आहेत, थांबायचं कसं ते कुणी सांगत नाही. ज्या ऑनलाइन कोचकडे होते त्यांनी 'आता मेंटेनन्सचा वेगळा पॅकेज घ्या' म्हटलं. घेतलं नाही.

एक ॲप म्हणतं रोज १४७० कॅलरी खा, दुसरं म्हणतं १६८०. दोनशेचा फरक! खरं कोण? आणि त्यातलं प्रोटीन किती, कार्ब किती, फॅट किती?

अडचण अशी की घरात सहा माणसं, स्वयंपाक एकत्र, आणि तो सासूबाईंच्या हातचा. माझ्यासाठी वेगळी पातेली लावायची नाहीत. ओट्स, अव्हाकाडो वगैरे सुचवू नका प्लीज. भाकरी, आमटी, शेंगा चटणी यातच काय ते सांगा.

कडकराम
९ किलो गेले कुठं म्हणून शोधायलाव का ताई? माझ्याकडं आलेत बे. पाहिजे तर पत्ता देतो, घेऊन जावा.

मालदांडी
अबोलीताई, दोन्ही ॲप एकच सूत्र वापरतायत, फक्त तुम्ही दिवसभर किती हलता याबद्दल त्यांचा अंदाज वेगळा आहे. मिफ्लिन-सेंट जिओर म्हणून १९९० सालचं सूत्र आहे. वजनाला १० ने गुणा, उंचीला ६.२५ ने, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. बाईमाणूस असेल तर आणखी १६१ वजा, पुरुष असेल तर ५ मिळवा. तुमचं येतं ६०० + ९८७ – २०५ – १६१, म्हणजे साधारण १२२०. दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी शरीराला एवढं लागतं.

आता याला हालचालीचा आकडा लावायचा. अगदी बैठं असेल तर १.२, थोडं चालणं-फिरणं असेल तर १.३७५. पहिल्यानं १४६५ येतात, दुसऱ्यानं १६८०. हेच तुमचे दोन ॲप. तुम्ही रोज चालता का? चालत असाल तर १६८० पासून सुरुवात करा, नसाल तर १५०० च्या आसपास. हा आकडा आधारकार्डावरच्या नंबरासारखा पक्का धरू नका, सुरुवातीची खूण आहे नुसती. शंभर-दीडशे इकडंतिकडं माणसागणिक असतंच.

अजून एक. तुमच्या ६९ किलोच्या शरीराला जे पुरत होतं ते ६० ला जास्त होतं. याच सूत्रानं बघा, ९ किलोमागं रोजच्या सव्वाशे कॅलरी कमी लागतात. म्हणजे अर्धी भाकरी. डाएट संपलं म्हणून 'पूर्वीसारखं' जेवायला लागलं की याच अर्ध्या भाकरीनं वजन परत येतं.

अबोली
रोज सकाळी चालते, संभाजी तलावापर्यंत जाऊन येते. रविवारी सुट्टी. म्हणजे १६८० धरू.

जिम_जुळे
ताई एकच मंत्र: प्रोटीन, प्रोटीन, प्रोटीन. वजनाच्या दुप्पट ग्रॅम. तुम्हाला १२० ग्रॅम रोज. व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) घ्या दोन स्कूप, कार्ब १०० च्या खाली आणा, काटा घ्या आणि प्रत्येक गोष्ट ग्रॅमवर मोजा. मोजलं नाही तर मॅनेज होत नाही.

कडकराम
@जिम_जुळे, सासूबाईंना मोजू की भाकरीला?

पथ्यपाणी
मी आहारतज्ज्ञ आहे, रोज रुग्ण बघते, म्हणून थोडं लिहिते. १२० ग्रॅमची अबोलीताईंना काही गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस निरोगी प्रौढासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. नुकतंच वजन उतरवलेलं, चाळिशी ओलांडलेली, तर स्नायू टिकावेत म्हणून मी १ ते १.१ धरायला सांगेन. ६० ते ६५ ग्रॅम. वजनं उचलणाऱ्यांना १.६ पर्यंत फायदा दिसतो, त्यापुढं बहुतेकांना विशेष काही मिळत नाही, पाकीट तेवढं हलकं होतं.

आता वाटणी. एक ग्रॅम प्रोटीनच्या ४ कॅलरी, कार्बच्याही ४, फॅटच्या ९. प्रोटीन ६५ ग्रॅम म्हणजे २६०. फॅट सगळं मिळून ५०-५५ ग्रॅम, म्हणजे पावणेपाचशेच्या आसपास, ३० टक्क्यांच्या आत. उरलेल्या साडेनऊशे कॅलरी कार्बच्या, म्हणजे २३५-२४० ग्रॅम. कार्ब १०० च्या खाली आणायचे तर भाकरी सोडावी लागेल आणि सोलापुरात राहून ती किती दिवस सोडणार?

किडनीचा त्रास असणाऱ्यांनी प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर धागा वाचून भाकरी कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. हे दोन्ही मी ओपीडीत बघितलेलं आहे.

जिम_जुळे
ओके मॅडम, पण माझं वजन ८४ आणि मी आठवड्यातून पाच दिवस लिफ्ट करतो.

पथ्यपाणी
मग तुम्ही १३० पर्यंत जा की. पण धागा तुमचा नाही ना.

अण्णा_बाळीवेस
हे सगळं वाचून हसू येतं. आमचे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. सकाळी तीन भाकरी, डब्यात तीन, रात्री दोन. शेंगा चटणी मूठभर, वर तेलाची धार. कॅलरी हा शब्द त्यांच्या कानावर आला नाही. शेवटपर्यंत धोतराची गाठ एकाच ठिकाणी. तुम्ही लोकांनी जेवणाचा पार हिशेब करून टाकला.

मालदांडी
अण्णा, आजोबा मिलला कशानं जायचे?

अण्णा_बाळीवेस
चालत. कशानं जाणार? आणि आठ तास साच्यावर उभे.

मालदांडी
उत्तर तुम्हीच दिलंत. पोषण संस्थेच्याच तक्त्यात ६५ किलोच्या बैठ्या पुरुषाला २११० कॅलरी आणि मध्यम कष्टाच्या पुरुषाला २७१०. मधल्या सहाशे म्हणजे बेताच्या तीन भाकरी. आजोबांच्या डब्यातल्या तीन भाकरी तिथं खर्च व्हायच्या. आपण त्या तिन्ही खातो आणि स्कूटरवर जातो.

अण्णा_बाळीवेस
हं. चटणीचं काय मग?

मालदांडी
चटणीकडं येतोच आहे.

पूर्वभाग
आमच्याकडे (अशोक चौक, घरात तेलुगू) भाकरी दुय्यम, दोन्ही वेळ भात. पप्पू (डाळ), चारू (रस्सम), भात, लोणचं. घरी लूम (यंत्रमाग) आहेत, मी आणि धाकटा भाऊ चालवतो, थोरला भाऊ आयटीत, घरूनच काम. तिघांचं ताट सारखंच भरतं. दोघं काटक, आयटीवाला ९२. आई म्हणते त्याला हाड जड आहे.

माझा प्रश्न भाताचा. ॲपमध्ये १०० ग्रॅम भाताला कधी ३५० दाखवतं, कधी १३०. कोणतं धरू?

पथ्यपाणी
३५० हे कच्च्या तांदळाचं, १३० शिजलेल्या भाताचं. तांदूळ शिजून वजनाला जवळजवळ तिप्पट होतो, जास्तीचं सगळं पाणी. ॲपमध्ये लोक जिथं हमखास चुकतात ती जागा हीच आहे. घरात रोज किती तांदूळ शिजतो ते मापट्यावरून आईंना माहीत असतं. तेवढे ग्रॅम भागिले जेवणारी माणसं, संपलं. शिजलेला भात मोजत बसू नका.

थोरल्या भावाला हाड जड नाही म्हणावं, खुर्ची जड झालीय.

कडकराम
मॅडम फॉर्मात आहेत आज.

मालदांडी
भाताचं जे आहे तेच उलट्या बाजूनं कडक भाकरीचं आहे. त्यावर सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडं 'कडक भाकरी हलकी असते' हा समज घट्ट बसलाय.

आमच्या घरी मी एकदा बसून केलं. पिठाचा डबा भाकरी करायच्या आधी काट्यावर ठेवला, भाकरी झाल्यावर परत ठेवला. कमी झालेलं पीठ भागिले भाकऱ्या. वरून लावलेलं पीठही त्यात धरलं जातं. आईच्या हातची एक भाकरी ८० ग्रॅम पिठाची निघाली. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ३३० च्या आसपास कॅलरी आणि १० ग्रॅम प्रोटीन, म्हणजे या भाकरीच्या २६५ आणि ८ ग्रॅम. तव्यावरून उतरलेली गरम भाकरी भरली १३० ग्रॅम, कारण आत पाणी. तीच कडक करून दुसऱ्या दिवशी काट्यावर ठेवली तर ९० च्या आत. ॲपमध्ये 'ज्वारी रोटी ९० ग्रॅम' टाकलं की तो मऊ भाकरीचा हिशेब लावून १८५ दाखवतो. खाल्ल्या मात्र २६५. हाताला हलकी लागली ती पाणी उडाल्यामुळं, पीठ तेवढंच आहे. आणि कडक भाकरी आमटीत कुस्करून खाताना दोन कधी पोटात गेल्या कळत नाही, चार घासांत काला संपतो.

म्हणून पीठ मोजा, भाकरी नाही. तेही एकदाच. बाई तीच, हात तोच, परात तीच. पुढं नुसत्या भाकऱ्या मोजल्या तरी चालतं.

सातरस्ता
प्रतिसाद आवडला. अवांतर: मालदांडी हे ज्वारीच्या वाणाचं नाव वाचून विचारतो, मंगळवेढ्याचे का? यंदा ज्वारी काय भाव लागली?

मालदांडी
हो, मंगळवेढ्याचाच. भावाचं इथं काढू नका, पथ्यपाणी मॅडम माझाच रक्तदाब मोजायला बसतील. ज्वारी घरचीच खातो. आमच्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा अभिमान आहे, पण मानांकनानं कॅलरी कमी होत नाहीत.

सातरस्ता
पण ज्वारीनं वजन वाढत नाही म्हणतात ना? गहू सोडून ज्वारीवर आलो की आपोआप उतरतं असं ऐकलंय.

पथ्यपाणी
ग्रॅमला ग्रॅम धरलं तर गव्हाच्या आणि ज्वारीच्या पिठात कॅलरी जवळजवळ सारख्याच. फरक पडतो तो चपातीला आत-बाहेर लागणाऱ्या तेलानं, आणि भाकरी चावायला लागते, पोट लवकर भरतं यानं. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळी भरून काढतात. भाकरीबरोबर आमटी, पिठलं, मटकीची उसळ ही जोडी त्यामुळंच जमते. नुसती भाकरी-ठेचा खाणाऱ्यांचं प्रोटीन मात्र मार खातं.

हिशेबनीस
उशिरा आलो. मी निवृत्त अकाउंटंट, त्यामुळं माझी पद्धत वेगळी. माणसाचं ताट मोजू नका, घराचा किराणा मोजा.

पोषण संस्थेनं २०२४ ला आहाराच्या मार्गदर्शक सूचना नव्यानं काढल्या. त्यात २००० कॅलरीचं एक आदर्श ताट दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५, भाज्या ४००, फळं १००, तेलबिया-सुकामेवा ३५, दूध-दही ३०० मिली आणि तेल-तूप २७ ग्रॅम. दिवसाचं. आता तेल घ्या. अबोलीताईंच्या घरी सहा माणसं. २७ गुणिले ६ म्हणजे १६२ ग्रॅम रोज. १५ किलोचा डबा तीन महिने जायला पाहिजे. ताई, तुमचा किती जातो?

अबोली
सासूबाईंना विचारलं. दोन महिने. दिवाळीत त्याच्याही आत.

हिशेबनीस
म्हणजे माणशी ४२ ग्रॅम. १५ ग्रॅम जास्त, गुणिले ९, रोजच्या १३५ कॅलरी. ॲपमध्ये तुम्ही 'भेंडीची भाजी एक वाटी' टाकता तेव्हा त्यात हे तेल कुठंच दिसत नाही.

जिम_जुळे
काका, ॲव्हरेज काढून काय उपयोग? तेल सगळ्यांच्या पोटात सारखं थोडंच जातं? आणि तळणीचं उरलेलं तेल आपण टाकतो की.

हिशेबनीस
तळणीचं तेल टाकणारं घर मला दाखवा, मी नमस्कार करून येतो. ते गाळून फोडणीला जातं. बाकी सरासरीचा मुद्दा मान्य. नातवंडं पापड जास्त खातात, आजोबा कमी. पण घराच्या हातात तेवढी एकच दोरी आहे. मिसेसच्या ताटात तेल कमी वाढा असं सांगता येत नाही, भाजी एकाच कढईत होते. डबा अडीच महिने पुरवायचा ठरवला की सगळ्यांचंच कमी होतं आणि कुणाला वेगळं वाढावं लागत नाही.

पथ्यपाणी
काकांचा हिशेब आवडला, एक भर घालते. २७ ग्रॅम हे २००० कॅलरीच्या ताटाचं आहे. १६८० वाल्या अबोलीताईंनी त्यांच्यापुरतं २०-२२ धरावं. शेंगा चटणी खाणाऱ्यांना तर धरावंच लागतं.

अण्णा_बाळीवेस
आली चटणी एकदाची.

मालदांडी
चटणी म्हणजे शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं. आपल्याकडं उखळात कुटून कुटून दाण्याचं स्वतःचंच तेल सुटतं. १०० ग्रॅम दाण्यात कॅलरी साडेपाचशेच्या आसपास, प्रोटीन २५ ग्रॅम, आणि फॅट ४५ च्या वर. एक मोठा चमचा, १५ ग्रॅम धरा, ऐंशी कॅलरी. ही काही वाईट गोष्ट नाही. पोषण संस्थेच्या ताटात तेलबियांना ३५ ग्रॅमची जागा आहेच, ती आपण चटणीला देऊ. बदाम भिजवत बसायची गरज नाही.

भानगड वरच्या तेलात आहे. चटणीत आधीच निम्मं तेल, त्यावर आपण कच्च्या तेलाची धार सोडतो. एका चमचा तेलाच्या ४५ कॅलरी. त्याऐवजी दह्यात कालवा. चव जाते म्हणणाऱ्यांनी आधी घट्ट दही लावून बघावं, मग भांडावं.

अण्णा_बाळीवेस
दह्यात कालवलेली चटणी आम्ही पाहुण्यांच्या पोरांना देतो. तिखट सोसत नाही म्हणून.

कडकराम
+१ अण्णा. धारेला हात लावायचा नाही बे.

निशिगंधा
मी हैदराबादला असते, माहेर सोलापूर. ताई, कॅलरीपेक्षा मला वजनाच्या काट्यानं छळलंय. सकाळी ५८, दुसऱ्या दिवशी ५९.३. आदल्या दिवशी तर मी नीट जेवलेले. मग घाबरून उपाशी राहायचं, संध्याकाळी बिस्किटांचा पुडा संपवायचा.

पथ्यपाणी
एका रात्रीत १.३ किलो चरबी होत नाही. एक किलो चरबीमागं ढोबळमानानं ७७०० कॅलरी लागतात, तेवढं जेवायला आख्खं लग्नघर लागेल. वाढतं ते पाणी. जास्त मीठ खाल्लं, लोणचं-पापड झालं, पाळी जवळ आली, की पाणी साठतं. भात-भाकरी जास्त झाली की स्नायूंत-यकृतात ग्लायकोजेन (शरीरानं साठवलेली साखर) साठतं आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी. दोन दिवसांत जातं. सोलापूरच्या मे महिन्यात उलटं होतं, घामानं काटा खाली येतो आणि लोक उगाच खूश होतात.

रोज बघायचंच असेल तर सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, काही न खाता बघा आणि आठवड्याची सरासरी काढा. आजची सरासरी गेल्या महिन्यातल्या सरासरीशी ताडायची. चार आठवड्यांत सरासरी अर्धा किलो वर गेली तर रोज साधारण १३५-१४० कॅलरी जास्त होतायत. म्हणजे अर्धी भाकरी, किंवा वरचं तेल. एवढंच काढायचं, जेवण टाकायचं नाही. खाली गेली तर तेवढंच वाढवायचं. कमरेचं मापही ठेवा, भारतीय बायकांना ८० सेंमीच्या आत, पुरुषांना ९० च्या आत.

सातरस्ता
हुरड्याच्या दुसऱ्या दिवशी काटा बघू नये असा नियम करा कुणीतरी. शेतात गेलं की हुरडा, शेंगा चटणी, दही, गूळ, बोरं, मग 'आता जेवूनच जा'.

मालदांडी
हुरड्याला बोलावणारा मीच असतो, नियम मला परवडणार नाही.

जिम_जुळे
ओके, एक सिरीयस प्रश्न. शनिवार-रविवारचं काय? सोम ते शुक्र मी अगदी प्लॅनवर असतो. शनिवारी मित्र, सुकं मटण, दोन-तीन पेग. महिनाभर वजन हललेलं नाही. कटिंग (चरबी उतरवणं) चालू आहे माझं, हलायला पाहिजे.

हिशेबनीस
अल्कोहोलच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी. व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग साधारण १४०. तीन पेग ४२०, सोबत फरसाण, मग सुकं मटण, वर तर्री, भाकरी. शुक्रवारपर्यंत रोज तीनशे वाचवले म्हणजे पंधराशे. शनिवारी रात्री तुम्ही ते व्याजासकट परत केले. तुमचं कटिंग नाही चाललेलं, तुमचं मेंटेनन्स चाललंय, आणि उत्तम चाललंय.

कडकराम
😂😂 अबोलीताई, मिळालं उत्तर. शनिवारी बसायचं.

पूर्वभाग
हसायलाव काय, खरंय ते. हिशेब आठवड्याचा धरा, दिवसाचा नको. आमच्याकडं लूमला आठवडी सुट्टी असते त्या दिवशी जेवण डबल आणि काम शून्य.

सकाळची_पाळी
आमचा ग्रुप स्मृती उद्यानात चालतो. साधारण चार किलोमीटर. नंतर इडली-वडा-चहा. या चालण्यानं नेमक्या किती जळतात?

मालदांडी
किलोमीटरला साधारण वजनाच्या निम्म्या ते पाऊणपट कॅलरी. तुम्ही ७० किलोचे असाल तर चार किलोमीटरला १४० ते २१०. एक मेदूवडा आणि गोड चहा झाला की बरोबरी. तरी चालणं सोडू नका, साखर, रक्तदाब, गुडघे, झोप सगळ्याला ते लागतं. वड्याचा हिशेब तेवढा चालण्यात धरू नका. इडली घ्या, सांबार दोनदा मागा.

सकाळची_पाळी
सांबार दोनदा मागितलं की तो खोबऱ्याची चटणी कमी देतो.

हिशेबनीस
तेही फायद्याचंच.

अबोली
सगळ्यांचे आभार. दोन दिवस वाचून, सासूबाईंशी बोलून पीठही मोजलं. त्यांची भाकरी ७५ ग्रॅम पिठाची निघाली. 'माझ्या भाकरीचं वजन करतेस?' असं झालं आधी, मग त्यांनाच उत्सुकता लागली आणि जावेची भाकरी ९० ग्रॅमची निघाल्यावर दिवस आनंदात गेला.

मी असा आराखडा केलाय, मॅडम तपासा. दिवसाला दोन भाकरी, म्हणजे १५० ग्रॅम पीठ. डाळ-उसळ मिळून कोरडी ६० ग्रॅम. दूध-दही ३०० मिली, गायीचं. शेंगा चटणी आणि कूट मिळून २५ ग्रॅम दाणे. दोन अंडी. भाज्या दोन्ही वेळ भरपूर. एक फळ. चहा तीन, साखर एकूण तीन चमचे. तेल २० ग्रॅम. मालदांडींच्या आणि ॲपच्या आकड्यांनी बेरीज १६०० च्या आसपास येते.

पथ्यपाणी
छान जमलंय. प्रोटीन बघा: भाकरीतून १५, डाळीतून १३, दुधातून १०, दाण्यांतून ६, अंड्यांतून १२, भाज्यांतून ५. एकूण साठ-एकसष्ट. तुम्हाला तेवढं पुरे. फॅटही ५५ च्या आसपास राहतं. वर ८० कॅलरी उरतात, तिथं दोन घास भात येतो किंवा काही नाही. रोज बरोबर १६८० भरलेच पाहिजेत असा हट्ट नको, आठवड्याचं बघा.

बारीकसारीक: २० ग्रॅम तेलाची अट सहा जणांच्या कढईत पाळायची तर काकांचा डबा अडीच महिन्यांवर न्यावा लागेल, आणि तुमची भाजी झाऱ्यानं निथळून घ्यावी लागेल. तर्री खाली राहू दे.

अण्णा_बाळीवेस
तर्री खाली राहिली की ती मला द्या. वय ७३ आहे, वजन ५४, माझं काय वाढत नाही.

पथ्यपाणी
अण्णा, थट्टा बाजूला ठेवून सांगते. ७३ व्या वर्षी तुमचा प्रश्न उलटा आहे. या वयात स्नायू झपाट्यानं जातात. तुम्ही तेल कमी करायच्या मागं लागू नका, प्रत्येक जेवणात डाळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं ठेवा. वजन आपोआप उतरत असेल तर तपासणी करून घ्या. जिने चढता का?

अण्णा_बाळीवेस
चढतो. अंडं चालत नाही, दूध चालतं.

पथ्यपाणी
मग रात्री एक पेला दूध आणि दुपारी फुटाणे. दात कसे आहेत त्यावर फुटाणे की फुटाण्याचं पीठ ते ठरवा.

निशिगंधा
एक राहिलं. श्रावणी सोमवार, एकादशी, हे उपवासाचे दिवस या आराखड्यात कसे बसवायचे? आमच्याकडं उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी.

मालदांडी
साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. १०० ग्रॅमला ३५० कॅलरी आणि प्रोटीन नावालाही नाही. खिचडीत जे काही प्रोटीन आहे ते दाण्याच्या कुटाचं. वर तूप, बटाटा, आणि एक बशी संपली की दुसरी. उपवासाच्या दिवशी माणूस एरवीपेक्षा जास्त खातो ते यामुळं.

भगर आणि दाण्याची आमटी करा, सोबत दही. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रोटीन आहे, त्याची भाकरी होते. खिचडी खायचीच तर एक बशी, आणि बाजूला ताक.

निशिगंधा
राजगिऱ्याची भाकरी थापताना मोडते हो. पिठात काय घालता?

अबोली
उकडलेला बटाटा कुस्करून घालतात सासूबाई, आणि प्लास्टिकच्या कागदावर थापतात. किती बटाटा ते विचारून सांगते, आत्ता त्या जावेचं पीठ परत मोजतायत.